पांढरी रेघ पाण्याखाली

कुंडवेलच्या रुपचंद नानांचा माणसांवर विश्वास नव्हता असे नाही. पण मापाचा काटा आणि माणूस यांच्यात मतभेद झाला, तर नाना काट्याच्या बाजूने उभे राहत. जळगावच्या तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेऊन त्यांनी सारी नोकरी भुसावळजवळच्या औष्णिक वीज केंद्रात काढली होती, आणि त्या नोकरीचा मोठा भाग बॅटरी-खोलीत. शिशाच्या बॅटऱ्यांच्या रांगा, घशाशी येणारा आम्लाचा आंबट वास, घनता मोजायची काचेची नळी, यांच्या सहवासात त्यांचा एक ग्रह पक्का झाला होता. वस्तू सहसा खोटे बोलत नाही. तिची बाजू मांडायला आलेला मनुष्य बोलतो.

निवृत्तीनंतर ते गावी परतले आणि नावेच्या भानगडीत सापडले.

तापीवर खाली बांध झाल्यापासून कुंडवेलपुढे पाणी थोपून राहिले होते. गाव अलीकडे, निम्मी शेते पलीकडे. पुलावरून जायचे तर अर्धा दिवस मोडायचा. म्हणून गावच्या सोसायटीची एक पत्र्याची नाव होती. रोज सकाळी मजूर बायका तिच्यातून पलीकडच्या केळीच्या बागांत जात आणि दिवस कलताना केळीच्या घडांसह परतत. या नावेचे डिझेल इंजिन कायमचे बंद पडले, तेव्हा विजेची मोटर बसवायचे ठरले. मोटर आली. प्रश्न उरला बॅटरीचा: शिशाची घ्यावी की लिथियमची?

सोसायटीचे चेअरमन तोताराम आबा नानांच्या ओसरीवर आले आणि म्हणाले, "नाना, मागच्या वेळी जुन्या इंजिनाला नवा रंग फासून आपल्या गळ्यात मारलं. या वेळी तुम्ही सांगाल तेच घेऊ. आखाजीच्या सणाआत निकाल पाहिजे. त्या दिवशी माहेरवाशिणींनी नाव भरून वाहते."

नानांनी होकार दिला, पण त्यांच्या मनात लगेच पाल चुकचुकली. आबा सहसा कोणाचा सल्ला घेत नसत.

पहिली चौकशी धुळ्याला. आग्रा रोडवर प्रकाशचंद शेठजींचे शिशाच्या बॅटऱ्यांचे जुने दुकान होते.

"या नाना, बसा. चहा घेणार की सोडा?"

"आधी माल दाखवा."

"माल कुठे पळून जातो, नाना? एकेक बॅटरी उचलायला दोन पहिलवान लागतात." शेठजी स्वतःच्या विनोदावर हसले. मग पुढे झुकून म्हणाले, "खरं सांगू? तुम्ही जळगावला माझ्या पोराकडेही जाणार. तरुण नाव त्याचं, लिथियम विकतो. बापाचं दुकान सोडून वेगळा झाला. तो त्याच्या मालाचे दहा गुण सांगेल, आणि दहाही खरे असतील. पण माझ्या मालाचा एक गुण तो सांगणार नाही."

"कोणता?"

"जड आहे."

शेठजी पुन्हा हसले. नानांनी मनात नोंद केली, की दोषालाच गुण म्हणून विकणारा व्यापारी पहिल्यांदाच पाहिला. त्या हसण्यात काहीतरी दडले असावे अशी शंका त्यांना धुळ्याहून परतताना बसमध्ये सतावत राहिली. पण काय दडले असावे, हे काही उमगले नाही.

जळगावात तरुणने त्यांना थंडगार खोलीत बसवले आणि पडद्यावर आलेख दाखवले.

"नाना, शिसं म्हणजे म्हातारी म्हैस. खाणं फार, अंग मोठं, दूध अर्धं. तिची शक्ती निम्म्याखाली उतरवली की ती लवकर मरते. आमची पेटी जवळजवळ तळापर्यंत वापरा. वजन चौथा हिस्सा. पाणी घालायला नको, आम्ल नको, आणि वर्षांमागून वर्षं चालते."

"म्हशीचं दूध मी जन्मभर प्यालो आहे," नाना म्हणाले. "तुमच्या या गाईचं वासरू तरी कोणी पाहिलं आहे का? आमच्याकडे वैशाखात नावेचा पत्रा हाताला चटका देतो. तेव्हा हिचं काय होतं?"

"आत राखणदार सर्किट आहे ना. उष्णता वाढली की पेटी आपोआप बंद होते."

"भर पाण्यात बंद होते?"

तरुणचे हसू जरा ओसरले. "आधी सूचना देते, नाना. दिवा लागतो."

"दिवा लागल्यावर बायकांनी काय करायचं, पोहायचं?"

दोघांचाही माल चाचणीवर आणायचे ठरले: आधी शिसे, मग लिथियम. नानांचे मन शिशाकडे झुकत होते, हे नानांना ठाऊक होते. ज्या वस्तूबरोबर आयुष्य गेले, तिची बाजू मन आपोआप घेते. म्हणून त्यांनी इतरांइतकाच स्वतःवरही संशय घेतला आणि चाचणीचे नियम कडक केले. मोटरला किती वीज लागली हे मोजणारा मीटर बसवून त्याला लाखेचे सील केले. त्याच बायका, जवळपास तितकेच घड, तीच वाट. शिशाचा संच नावेच्या तळाशी ठेवल्यावर रिकाम्या नावेला पाणी जेथे टेकले, तेथे त्यांनी बाहेरून पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ ओढली, म्हणजे नाव किती दबते ते कळावे. स्वतः मात्र ते नावेत एकदाही बसले नाहीत. आपले वजन मापात मिसळू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते काठावरच्या बाभळीखाली खुर्ची टाकून बसत आणि संध्याकाळी मीटर वाचत.

सर्वांत कडक नियम त्यांनी मारुतीच्या पारावर सर्वांसमक्ष सांगितला. "चाचणी संपेपर्यंत बॅटरीबद्दल मला कोणी एक अक्षर सांगायचं नाही. स्तुती नाही, तक्रार नाही. सांगणाऱ्याचा कल मापात उतरतो. नवल, तुलाही हेच लागू. तू नाव चालव, तोंड चालवू नको."

नवल हा नावाडी. मूळचा मासे धरणारा. पाणी थोपले, मासेमारीचे ठेके बाहेरच्यांना गेले, जाळी खुंटीला टांगली गेली, आणि सोसायटीच्या नावेचे सुकाणू एवढेच त्याच्या हाती उरले. त्याने मान हलवली.

मजूर बायकांची पुढारीण मंजुळाबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. "मंग नाना, नाव बुडाले लागनी तरी बी आम्ही मुक्याच बसूत का?"

पार हसला. नाना हसले नाहीत. "बुडाली तर ती मला दिसेल, मंजुळाबाई. तुम्ही सांगायची गरज नाही."

शिशाची चाचणी अपेक्षेप्रमाणे पार पडली. नाव धीम्या हत्तिणीसारखी गेली आणि आली. मीटरचे आकडे रोज सारखे. नानांना जुन्या स्नेह्याने दगा न दिल्याचा आनंद झाला आणि तो आनंद त्यांनी कोणाला दाखवला नाही.

मग शिसे उतरले. तरुणच्या फिटरने लिथियमच्या दोन पेट्या मागच्या बाकाखाली बसवल्या, पाण्यापासून जितक्या दूर ठेवता येतील तितक्या दूर. हलकी झालेली नाव पाण्यावर उचलली गेली. पांढरी रेघ पाण्याच्या वर दोन बोटे कोरडी दिसू लागली. नानांनी ते पाहिले, बोटे लावून मोजले आणि तो विषय संपवला. एकदा मोजलेले वजन मधल्या मध्ये बदलत नसते. त्यानंतर त्यांनी रेघेकडे पाहिले नाही.

सुरुवातीचे दिवस लिथियमने नानांना चकित केले. हलक्या नावेला वीज कमी लागत होती. संध्याकाळी मीटर वाचताना त्यांना मनाविरुद्ध कबूल करावे लागले, की पोरगा आलेखात खोटे बोलला नव्हता. बाजाराच्या दिवशी नाव बंद असे. त्या दिवशी नाना शिंदखेड्याला लग्नाला गेले. तरुणचा फिटर येऊन जोडण्या पुन्हा आवळून जाणार होता, त्याला त्यांनी तशी परवानगी देऊन ठेवली होती.

बाजारानंतर मीटरचे आकडे बदलले.

त्याच वाटेला, त्याच भाराला, वीज जास्त लागू लागली. अगदी शिशाच्या वेळी लागत असे तितकी. जणू नावेतून शिसे कधी उतरलेच नव्हते. नानांनी सील तपासले: अखंड. मोटरचा पंखा पाहिला: स्वच्छ, शेवाळाचा धागाही नाही. तारा गार, जोडण्या घट्ट. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

यंत्रात दोष सापडत नाही, तेव्हा नाना माणसात शोधत. आणि माणूस एकच होता.

त्यांना आठवले, की नवलचा मेहुणा भूषण धुळ्याला प्रकाशचंद शेठजींच्याच दुकानात कामाला आहे. ही गोष्ट आधी का आठवली नाही, याचा त्यांना राग आला. मेहुण्याच्या मालकाचे शिसे खपावे म्हणून नवल लिथियमला बदनाम करत असेल तर? पाण्याखालून एखादे जाळे ओढले, नांगर अर्धवट सोडला, की मोटर जास्त वीज खाईल. कुंपणानेच शेत खाल्ले तर राखणदार काय करणार!

आता बाभळीखालच्या खुर्चीतून नाना नाव पाहत नसत, नवलला पाहत. संशयाचा चष्मा चढला की साधी हालचालही वाकडी दिसते. नवल फोनवर बोलला की नानांना पलीकडे भूषण ऐकू येई. नवल चालताना एका विशिष्ट फळीवर पाय जपून टाकी. तो नानांची नजर चुकवतो आहे, अशी तर त्यांची खात्रीच झाली.

एके संध्याकाळी मंजुळाबाई घडांवरून पाय टाकत उतरली आणि नानांसमोर थांबली. "नाना, एक गोट सांगू का? ती नाव शे ना, ती पह्यले..."

"चाचणी संपल्यावर सांगा."

"आरे, पन आयका तरी. आते ती..."

"मंजुळाबाई! नियम म्हणजे नियम."

"ऱ्हावू द्या मंग. मुक्यास्नं गाव अन बहिऱ्यास्ना पाटील." तिने पदर खोचला आणि बाकीच्या बायका फिदीफिदी हसत तिच्यामागून गेल्या. नवल दोर बांधता बांधता थांबला होता. नानांनी पाहिले, त्यानेही काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि मिटले. चोराच्या मनात चांदणे, नाना मनाशी म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते तोताराम आबांकडे गेले. नवलला काढा, असे त्यांनी मुळीच म्हटले नाही. मीटर संशयास्पद आहे, नवलचा मेहुणा शेठजींकडे आहे, एवढेच ते मोजून मापून बोलले. पण आबांना तेवढे पुष्कळ झाले.

"मला वाटतच होतं! उद्या सकाळी घाटावरच बैठक घेऊ. सुकाणू अमृतकडे देऊन टाकू. माझा पुतण्या म्हणून नाही हं, पण पोरगा विश्वासू आहे."

"आबा, अजून सिद्ध झालेलं नाही."

"नाना, तुम्ही बोललात म्हणजे सिद्धच."

नाना घरी परतले ते जड पायांनी. आबांनी एवढी घाई का केली? आबा आपल्या ओसरीवर मुळात आले ते बॅटरीसाठी, की अमृतला सुकाणू मिळवून देण्यासाठी? आपला शब्द कोणाच्या तराजूत पडला? पण शब्द सुटला होता. आणि तो खोटा असला, तरी नवलच्या हाती खुंटीवरच्या जाळ्यांशिवाय काही उरणार नव्हते.

सकाळी ते सर्वांच्या आधी घाटावर पोचले. नाव रिकामी, शांत पाण्यात, दोराला टेकून उभी. आदल्या दिवशीच्या केळीच्या पानांचा कचरा काठाला लागला होता. नानांनी काठीने तो बाजूला सारला, आणि त्यांची काठी तिथेच थबकली.

पांढरी रेघ दिसत नव्हती.

ते खाली वाकले, हात पाण्यात घातला. रेघ होती, पाण्याला टेकून, किंचित पाण्याखालीच. शिशाच्या वेळी होती तिथे. आणि नाव तर रिकामी होती. लिथियमच्या पेट्या तर बाकाखाली दिसत होत्या. म्हणजे नावेत काहीतरी होते. जड, न दिसणारे, आणि कोणी न सांगितलेले.

माणसे जमली. आबा आले, त्यांच्यामागे धुतलेला शर्ट घालून अमृत आला, बायका विळे-दोर घेऊन आल्या. नवल आला तेव्हा गर्दी त्याच्याकडे वळून पाहू लागली, आणि आपल्या पाठीमागे काहीतरी ठरले आहे हे त्याला कळले.

"तळाच्या फळ्या उचला," नाना म्हणाले.

अमृतने उत्साहाने पहिली फळी उचकटली. खाली वाळूने भरलेले पोते. दुसरी फळी, दुसरे पोते. तळभर, दोन्ही बाजूंना, ओळीने पोती मांडलेली. घाटावर कुजबुज पसरली.

"सापडला!" आबा गरजले. "वाळू वाहतो आणि बॅटरीला नावं ठेवतो. अमृत, सुकाणू धर."

नवल आबांकडे न बघता नानांकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. नानांनी अपेक्षिली होती ती मुळीच नव्हती. भाबडे, दुखावलेले आश्चर्य होते.

"नाना, हाई तुम्हीनच टाकाले लावं ना? माले तर तसंच सांगेल शे. मी म्हंतं, नाना इंजिनेर शेतस, त्यास्नं काही माप ऱ्हाई."

"मी? मी कधी सांगितलं? आणि तुला माहीत होतं, तर बोलला का नाहीस?"

"बोलानी बंदी तुम्हीनच करेल व्हती ना, नाना."

कोणी हसले नाही. सबब चोख होती, आणि चोख सबबीवर नानांचा सर्वांत जास्त संशय असे. ते नावेत उतरले, गुडघ्यांवर बसले आणि पोत्यांचे निरीक्षण करू लागले. घाट ताटकळला.

पोत्यांची तोंडे सुतळीने बांधलेली नव्हती. काळ्या प्लॅस्टिकच्या दातेरी पट्ट्यांनी आवळलेली होती. फिटर तारांचा जुडगा बांधायला वापरतात त्या. नानांनी मान वळवून बाकाखाली पाहिले. लिथियमच्या तारा तशाच पट्ट्यांनी बांधल्या होत्या. पट्टीचे उरलेले टोक त्याच तिरक्या कापाने छाटले होते. त्याच हाताने, त्याच पकडीने. नवलच्या घरी सुतळीचे बंडल असेल, जाळ्यांचा दोर असेल. या पट्ट्या नसतील. शिवाय तारांना धक्का लागू नये म्हणून पोत्यांमध्ये नेमकी फट सोडली होती. बदनामी करायला आलेल्याने तारांची एवढी काळजी घेतली नसती.

नाना सावकाश उठले आणि त्यांनी तरुणला फोन लावला. आवाज सर्वांना ऐकू जाईल असा ठेवला.

"तरुणशेठ, नावेत वाळू कोणी भरली?"

पलीकडे आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"नाना... रागावू नका. पहिल्याच दिवशी माझा फिटर काठावर होता. बायका चढताना नाव एकदम कलली, बायका ओरडल्या. तुम्ही लांब बाभळीखाली होतात, तुम्हाला ऐकू आलं नसेल. मला वाटलं, नाव हलते म्हणून तुम्ही माझा मालच नाकाराल. म्हणून बाजाराच्या दिवशी आम्ही थोडं वजन..."

"आणि मीटर? वाळूमुळे तुझीच वीज वाढली की!"

"ते परवडलं असतं, नाना. आकडा जरा वाईट आला तरी शिशाच्या बरोबरीला राहतो, आणि माझी पेटी जास्त वर्षं टिकते. पण बायका ओरडल्या तर कोणता आकडा सांगणार?"

"नवलला काय सांगितलंस?"

"सांगितलं की... नानांनीच सांगितलं आहे म्हणून."

नानांनी फोन बंद केला. त्यांना धुळ्याच्या दुकानातले ते हसणे आठवले. जड आहे. जुने डिझेल इंजिन जड होते, शिसे जड होते. ते वजन तळाशी बसून नावेचे पाय धरून ठेवत होते. पेट्या हलक्या, आणि वर बाकाखाली चढवलेल्या. वजन उंच गेले, तळ पोकळ झाला. हे कळायला पदविका पुरेशी होती. फक्त नावेत एकदा बसायला हवे होते.

"बरं, वाळू पोराची," आबा पटकन म्हणाले. "पण नवलनं येऊन सांगायला नको होतं? बेजबाबदारपणाच की हा. बैठक बोलावलीच आहे, तर सुकाणू..."

"आबा, त्याला बोलू नको असं मी सांगितलं होतं. मंजुळाबाई सांगायला आल्या, त्यांनाही मीच गप्प केलं. ही चूक नवलच्या नावावर चढवाल, तर बॅटरी निवडायलाही दुसरा माणूस शोधा." नाना नेहमीच्याच सपाट आवाजात बोलत होते. "आणि अमृत विश्वासू आहे म्हणता ना? मग ही पोती उतरवायला त्यालाच लावा."

बायकांत खसखस पिकली. अमृतने आपल्या धुतलेल्या शर्टाकडे पाहिले आणि बाह्या सारल्या.

पोती काठावर आली. नाव पुन्हा उचलली गेली. रेघ दोन बोटे वर, कोरडी. नाना मधल्या बाकावर बसले.

"नवल, ने पलीकडे. मंजुळाबाई, तुम्ही चार जणी चढा. आज बोलायला बंदी नाही."

"आते बंदी उठनी? आते आम्ही बठ्ठा बोलसूत, नाना, कान धरी बसा!"

नाव निघाली. डिझेलची धडधड नव्हती. पाणी पत्र्याला घासून गेल्याचा आवाज तेवढा येत होता. मध्यावर वाऱ्याची झुळूक आली. मंजुळाबाई मुद्दाम उभी राहिली. नाव एका बाजूला अशी कलली, की नानांचे दोन्ही हात आपोआप काठाच्या पत्र्याला चिकटले. पत्रा तापू लागला होता. तरी त्यांनी हात सोडले नाहीत. आखाजीला या नावेत किती बायका असतील, कडेवर किती लेकरे असतील, याचे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यातच दुसरी गोष्टही ध्यानी आली: ती मोकळी पोती. नाव जोरात कलली असती, तर पोती त्याच बाजूला घसरली असती. ज्या वाळूने आठवडाभर नाव शांत ठेवली, तिनेच एखाद्या दिवशी ती उलटी केली असती.

"बसा, मंजुळाबाई," ते म्हणाले. "समजलं."

"आते समजनं का? मी तर त्याच दिनले सांगी ऱ्हायंतू."

नाना सुकाणूकडे वळले. "नवल, तुझं मत काय? शिसं की लिथियम?"

नवलने सुकाणू सरळ केले. त्याने नानांकडे पाहिले. बाभळीखालून नाना त्याच्याकडे पाहत, काहीसे तसेच. आदल्या संध्याकाळी आबांकडे कोण गेले होते, हे त्याने विचारले नाही, पण त्याला ते ठाऊक होते.

"माप चालू शे, का सहज इचारतस?" तो म्हणाला.

नानांना ते लागले. "सहज विचारतो."

"मंग आयका. शिसानी नाव जड शे, पन ती मनं आयकस. हाई हलकी पयस चांगली, पन वाऱ्यानं आयकस. माले बॅटरी कोनती बी चालई. नाव मनं आयकाले पायजे."

बॅटरी कोणतीही असो, नाव वाऱ्याचे नव्हे, नावाड्याचे ऐकणारी हवी, हे नाना परतीच्या वाटेवर मनाशी घोळवत राहिले. काठावर उतरल्यावर त्यांनी आबांना निर्णय सांगितला. बॅटरी लिथियमचीच घ्यायची, कारण तिचे आयुष्य आणि तिची शक्ती वाळू काढल्यावरही खरी होती. पण पेट्या बाकाखालून काढून तळाशी, पाणी न शिरणाऱ्या खणात. त्यांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी रुळाचे तुकडे, बोल्टने तळाला आवळलेले, वरून उघडे दिसतील असे. उष्णतेची सूचना देणारा दिवा नवलच्या डोळ्यांसमोर, आणि पेटी बंद पडलीच तर काठ गाठण्यापुरती एक छोटी शिशाची बॅटरी वेगळी. माल तरुणकडून घ्यायचा, मात्र बसवताना नवल आणि मंजुळाबाई नावेत हजर हव्यात, आणि पहिली फेरी तरुणने स्वतः उभ्याने करायची.

"त्यानं फसवलं, तरी त्याच्याकडूनच?" आबांनी विचारले.

"ज्याची एक लबाडी सापडली आहे, त्याच्यावर नजर कुठे ठेवायची ते तरी कळतं," नाना म्हणाले. त्यांनी आबांकडे जरा जास्तच वेळ पाहिले. आबांनी विषय बदलला.

आखाजीच्या सकाळी नाव घाटाला लागली तेव्हा रंगीत लुगड्यांनी, खरबुजांच्या टोपल्यांनी आणि पोरांच्या कलकलाटाने घाट भरून गेला होता. नानांनी सवयीने आधी रेघेकडे पाहिले. रेघ जागेवर होती. मग ते थांबले, काठी काखेत धरली आणि सुकाणूपाशी गेले.

"नवल, ठीक आहे का?"

नवलने पाण्याकडे पाहिले, पलीकडच्या केळीच्या हलणाऱ्या पानांकडे पाहिले आणि मग नानांकडे.

"आज वारा शे, नाना," तो म्हणाला. "एक फेरी कमी माणसांनी करू. अन तुम्ही येत व्हशात, तर मझार बसा."

नाना मजूर बायकांच्या मधोमध, त्याने दाखवलेल्या जागी जाऊन बसले.